मुलाची पहिली शाळा: वयाच्या हिशोबापासून जनरल रजिस्टरपर्यंत

नर्सरीच्या प्रवेशाची धावपळ शहरांत दिवाळीच्या आगेमागेच सुरू होते. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी विचारतं, "अमक्या शाळेचे फॉर्म निघाले का?" आणि ज्यांच्या घरात दोन-अडीच वर्षांचं मूल आहे त्या सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. पुण्या-मुंबईत ही भीती अगदीच खोटी नाही. नावाजलेल्या शाळांत पहिलीला नव्या जागा फार थोड्या निघतात. नर्सरीला आत शिरलेली मुलंच वर सरकत जातात. त्यामुळे आईबाप अडीच वर्षांच्या पोरासाठी शाळा बघायला निघतात आणि मनात दहावीचा निकाल धरून बघतात.

आत्ताची बालवाडी आणि पुढची दहावीपर्यंतची शाळा हे दोन निर्णय वेगळे करता आले तर निम्मं ओझं उतरतं. तीन ते सहा या वयाला दोनच गोष्टी खऱ्या महत्त्वाच्या, असं माझं ठाम मत आहे: वर्गातली ताई कशी आहे आणि शाळा घरापासून किती लांब आहे. बोर्ड, स्विमिंग टँक, स्मार्ट बोर्ड हे सगळं त्यानंतर. पुढचं सगळं हे मनात धरून वाचा.

आधी वयाचा हिशोब

महाराष्ट्रात वय मोजायची तारीख ३१ डिसेंबर आहे. ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला नर्सरीसाठी ३ वर्षं पूर्ण आणि पहिलीसाठी ६ वर्षं पूर्ण असावी लागतात. कागदावर सोपं दिसतं. पण जून २०२६ ला नर्सरीत बसणाऱ्या दोन मुलांची कल्पना करा. एकाचा जन्म जानेवारी २०२३ चा, दुसऱ्याचा डिसेंबर २०२३ चा. दोघंही नियमात बसतात. पहिल्या दिवशी एक जवळजवळ साडेतीन वर्षांचा असतो, दुसरा अडीच वर्षांचा. साडेतीनचा स्वतः चड्डी वर करतो, अडीचच्याला अजून धड सांगताही येत नाही. पुढे केजीच्या पालकसभेत "तुमचा जरा स्लो आहे हां" हे कुणाच्या आईला ऐकावं लागतं, ते वेगळं सांगायला नको.

मूल ऑक्टोबर ते डिसेंबरमधलं असेल तर एक वर्ष थांबण्याचा विचार जरूर करा. "वर्ष वाया जाईल" म्हणणारे नातेवाईक भेटतीलच. या वयात वर्ष वाया जात नसतं. उलट घाईने घातलंत तर सहावी-सातवीत गेल्यावर आपण वर्गात लहान का, हे कोडं मुलालाच सोडवावं लागतं. थांबायचं ठरवलंत तर पुढच्या वर्षी शाळा कमाल वय किती धरते, तेवढं आधी विचारून घ्या.

बदलीची नोकरी असेल तर आणखी एक पेच आहे. केंद्रीय विद्यालयात पहिलीसाठी ३१ मार्चला ६ वर्षं पूर्ण लागतात. राज्याच्या नियमाने साडेपाचला पहिलीत गेलेलं मूल तिथे त्याच वर्षी पहिलीला चालत नाही.

अंतर: किलोमीटरमध्ये नाही, मिनिटांत मोजा

गुगल मॅप दुपारी तीनला जे अंतर दाखवतो त्यावर विसंबू नका. शाळेच्या खऱ्या वेळेला, कामाच्या दिवशी, एकदा घरापासून फाटकापर्यंत जाऊन या. शक्य असेल तर पावसात. दार ते दार अर्ध्या तासाच्या वर जात असेल तर तीन-चार वर्षांच्या मुलासाठी ती शाळा लांब आहे, मग तिचं नाव कितीही मोठं असो. तीन तासांच्या बालवाडीसाठी दीड तास व्हॅनमध्ये काढणारी मुलं घरी येतात तीच पेंगत. मित्र लांब राहतात म्हणून संध्याकाळी खेळायलाही कुणी नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, कारण मुलांची झोप पुरी होत नाही. तुमच्या यादीतली शाळा त्याचं काय करते ते विचारा. दोन पाळ्यांच्या शाळांत उत्तर जरा आढ्याकडे बघत येतं.

बस असेल तर शाळेच्या बसला राज्याचे २०११ चे स्वतंत्र नियम आहेत: पिवळा रंग, वेगनियंत्रक, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, आणि मुलांना चढवा-उतरवायला बसमध्ये महिला मदतनीस. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असायला हवी. "व्हॅनवाला आमचा नाही, पालकांनी परस्पर ठरवलेला आहे" हे वाक्य ऐकलंत की समजायचं, काही झालं तर शाळा हात वर करणार.

माध्यम आणि बोर्ड

घरात मराठी बोलत असाल तर पहिली शाळा मराठी असावी, निदान पूर्वप्राथमिक तरी. यात भावनेपेक्षा व्यवहार जास्त आहे. तीन वर्षांच्या मुलाकडे हजार गोष्टी सांगायला असतात. त्याला पोट दुखतंय, कुणी ढकललं, शू लागली हे सांगायला परकी भाषा शोधावी लागली की ते गप्प बसायला शिकतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सुद्धा शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा हेच शिकण्याचं माध्यम असावं असं म्हणतं. पुण्याची अक्षरनंदन, लीलाताई पाटलांनी उभी केलेली कोल्हापूरची सृजन आनंद, मॅक्सीन बर्नसन यांची फलटणची कमला निंबकर बालभवन या शाळांनी मराठीतून काय उभं राहू शकतं ते दाखवलेलं आहे.

मात्र मराठी माध्यम म्हणजे आपोआप चांगली शाळा असं काही नसतं. पट घसरलेला, एकाच बाईंकडे दोन वर्ग आणि वर ऑनलाइन माहिती भरायचं काम, अशाही मराठी शाळा आहेत. मधला मार्ग म्हणून बरेचजण सेमी-इंग्रजी धरतात, म्हणजे शाळा मराठी, गणित-विज्ञान इंग्रजीतून. तो वाईट नाही. फक्त सेमी नेमकं कोणत्या इयत्तेपासून आणि ते शिकवणाऱ्या बाईंचं इंग्रजी कसं, हे विचारा. इंग्रजी माध्यमच घ्यायचं ठरलं असेल तर नर्सरीच्या ताईंना मराठी येतं का आणि वर्गात मराठी बोललेलं चालतं का, हा पहिला प्रश्न. "आमच्याकडे फक्त इंग्लिश" असं अभिमानाने सांगणारी शाळा यादीतून काढून टाका.

बोर्डाबद्दल थोडक्यात. नर्सरी-केजीला बोर्ड नसतं. फलकावर "सीबीएसई पॅटर्न" लिहिलं असेल तर संलग्नता क्रमांक मागा आणि तो सीबीएसईच्या संकेतस्थळावर ताडून पाहा. 'पॅटर्न' हा शब्द कुणालाही लिहिता येतो. शाळेचा यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक, तोही विचारा. तो ११ अंकी असतो आणि महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो. अनधिकृत शाळांच्या याद्या शिक्षण विभाग वेळोवेळी जाहीर करतो, त्यावर एक नजर टाका. नुसत्या नर्सरी-केजीच्या शाळेकडे यू-डायस नसेल, तर चालवणारी संस्था कोणती आणि मुलं पुढे कुठे जातात ते विचारायचं. आणि कुठल्याही बोर्डाची शाळा घ्या, २०२० च्या कायद्याने राज्यात मराठी विषय सक्तीचा आहे. "आमच्याकडे मराठी नसतं" असं कुणी सांगितलं तर ते चूक आहे.

पैसे

फीचा कागद हातात आला की नुसता वार्षिक आकडा बघू नका. प्रवेश फी, टर्म फी, गणवेश (खेळाचा वेगळा), पुस्तकांचा संच, बस, स्नेहसंमेलनाचे कपडे, सहल, 'अ‍ॅक्टिव्हिटी' या नावाखाली येणारं सगळं एका कागदावर मांडा. गेल्या तीन वर्षांत फी किती वाढली ते जुन्या पालकांना विचारा आणि त्याच वेगाने ती चौथीपर्यंत वाढवून बघा. तो आकडा बघून झोप उडत असेल तर आत्ताच उडू दे.

महाराष्ट्रात खासगी शाळांची फी ठरवायला २०११ चा कायदा आहे. त्यानुसार पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असते, तिच्यावरचे पालक चिठ्ठी काढून निवडायचे असतात, आणि शाळेने मांडलेल्या फीला तिची मंजुरी लागते. ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बांधील असते. भेटीत सहज विचारा: "समितीवर यंदा कोण पालक आहेत?" नावं पटकन सांगितली तर चांगलं लक्षण. देणगी घेऊन प्रवेश द्यायला १९८७ पासून राज्यात बंदी आहे. इमारत निधी, विकास निधी, काहीही म्हणा. पावती मागितल्यावर चेहरा बदलला की ओळखायचं. एकाच दुकानातून गणवेश-पुस्तकं घ्यायची सक्तीही शाळेला करता येत नाही.

शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत राखीव असलेल्या २५ टक्के मोफत जागांबद्दल पुष्कळ पालकांना अर्धवट माहिती असते. वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत असलेली कुटुंबं त्यात येतात. पण अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी, एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग), दिव्यांग मुलं आणि अनाथ मुलं यांना उत्पन्नाची अट नाही, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. सरकारी किंवा अनुदानित शाळा जवळ असेल तर खासगी शाळेला यातून सूट देणारी २०२४ ची दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केली. अर्ज ऑनलाइन, निवड लॉटरीने. अर्ज बाद होतात ते बहुधा दोन कारणांनी: नकाशावर घराचा बलून चुकीच्या जागी लावलेला असतो, नाहीतर भाडेकरार नोंदणीकृत नसतो. नोटरी केलेला करार घेऊन जाऊ नका. पोर्टल कधी उघडेल ते दरवर्षी बदलतं, म्हणून डिसेंबरपासूनच डोळा ठेवा आणि जातीचा दाखला आधी काढून ठेवा.

शाळा प्रत्यक्ष बघणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. 'ओपन डे'ला जाऊन काही कळत नाही. त्या दिवशी फुगे असतात आणि सगळ्या ताया हसत असतात. फोन करून सांगा, आम्हाला साध्या दिवशी, शाळा चालू असताना यायचंय, वर्गाच्या दाराशी वीस मिनिटं उभं राहू द्या. सुरक्षेसाठी नियम असू शकतात, खिडकीतून बघा म्हणतील, तेही चालेल. पण काहीच दाखवत नसतील, फक्त रिसेप्शनवरच्या मॅडम ब्रोशर समजावत असतील, तर तुम्ही शाळा पाहिलेली नाही.

आधी भिंती बघा. चित्रं मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर आहेत की मोठ्यांच्या? चोवीस आंबे लावलेत आणि चोवीसच्या चोवीस पिवळे, रेषेच्या आत, देठाला हिरवं पान; असं असेल तर ते आंबे ताईंनी रंगवलेत किंवा मुलांचा हात धरून रंगवून घेतलेत. एखादा आंबा जांभळा असेल, एकाला पाय असतील, तर त्या वर्गात मूल आहे.

मग मुलांच्या हातात काय आहे ते बघा. माती, वाळू, पाणी, चिंचोके, ठोकळे, कापडाचे तुकडे, की पेन्सिल आणि चौरेघी वही? साडेतीन वर्षांच्या बोटांचे स्नायू पेन्सिल धरायला तयार झालेले नसतात. कणीक मळणं, कागद फाडणं, मणी ओवणं ही त्याचीच पूर्वतयारी आहे. २०२२ मध्ये आलेला पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही ३ ते ८ या वयासाठी खेळातून शिकण्यावरच भर देतो. पण गावोगावी नर्सरीला 'ए टू झेड रायटिंग'चा गृहपाठ चालूच आहे, आणि खरं सांगायचं तर तो पालकच मागतात. २०२० च्या केंद्रीय दप्तर धोरणात पूर्वप्राथमिकला दप्तर नाही आणि दुसरीपर्यंत गृहपाठ नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, भेटीत उपयोगी पडतं.

डब्याच्या सुट्टीची वेळ गाठता आली तर सोडू नका. त्या वीस मिनिटांत जे दिसतं ते मुख्याध्यापिकेच्या तासाभराच्या बोलण्यात मिळत नाही. डब्याचं झाकण उघडत नाही म्हणून एक मूल उभं आहे. ताई ते उघडून देते, की "जोर लाव, मी धरते" म्हणते, की तिचं लक्षच नाही? भाजी सांडली तर ओरडा बसतो की फडकं हातात दिलं जातं? न जेवणाऱ्या मुलाला भरवतात, दटावतात की जरा बसू देतात? मावशी मुलांना नावाने हाक मारतात का? ज्या शाळेत मावशींना मुलांची नावं ठाऊक असतात, त्या शाळेत माणसं टिकतात असा माझा अनुभव आहे. ताई दर वर्षी बदलत असतील तर पगार कमी आहे एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे "ताई इथे किती वर्षं आहेत?" हा प्रश्न विचाराच, संकोच नको.

रडणारं मूल दिसलं तर थांबून बघा. जूनमध्ये प्रत्येक बालवाडीत रडणारी मुलं असतात. काही शाळा फाटकातच मुलाला ओढून घेतात आणि आईला "मागे वळून बघू नका" सांगतात. काही शाळा पहिले आठ-दहा दिवस आईला किंवा आजीला वर्गाबाहेर, मग आवाराबाहेर, असं हळूहळू लांब नेतात. दुसऱ्या प्रकारची शाळा घ्या. एवढा मुद्दा एकट्याने निर्णय फिरवण्याइतका मोठा आहे.

शेवटी संडास. लहान उंचीची भांडी आहेत का, पाणी येतं का, कडी मुलाला आतून लावता येते का आणि बाहेरून मावशींना उघडता येते का. मुलाला नेणारी व्यक्ती बाईच असते का, हेही स्पष्ट शब्दांत विचारा. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर राज्याने सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) याबाबत आदेश काढले. कॅमेरा आहे का एवढं विचारून थांबू नका. तो चालू आहे का, चित्रण कोण बघतं, समितीच्या पालक सदस्य कोण, हे विचारा. चांगली शाळा या प्रश्नांनी दुखावत नाही.

आणि मुलाची 'मुलाखत' मागितली तर? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे शाळेत प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला मनाई आहे आणि पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड आहे. नर्सरीला मात्र 'इंटरॅक्शन' असं गोंडस नाव देऊन ती चालते. तिथे मुलाला रंग-आकार घोकवून नेऊ नका. अडीच वर्षांचं मूल अनोळखी बाईंसमोर गप्प बसलं तर ते शहाणपणाचं लक्षण आहे.

अंगणवाडी आणि पालिकेची शाळा यादीतून आधीच काढू नका

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ नंतर बोर्डी-कोसबाडला आदिवासी पाड्यांवर जे काम केलं, त्यातून पाना-दगड-बियांच्या साधनांनी चालणारी बालवाडी उभी राहिली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, ही कल्पना तिथलीच. आजची अंगणवाडी १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेतली आहे. आहार, वजन, लसीकरण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण ही कामं ती करते. दर्जा वाडीगणिक बदलतो, हे मान्य. पण सेविका चांगली असेल तर घराजवळची, बिनफीची, मुलाच्या भाषेतली शाळा आणखी कुठे मिळणार? पैसे वाचवून महिन्याला पंधराशेच्या गल्लीतल्या 'इंटरनॅशनल' नर्सरीत घालण्याआधी एकदा तिथे जाऊन बसा. जिल्हा परिषदेच्या आणि पालिकेच्या शाळांचंही तेच. मुंबई महापालिकेने तर स्वतःच्या सीबीएसई शाळाही काढल्या आहेत.

ठरवताना

तीनपेक्षा जास्त शाळांची यादी करू नका. डोकं चालेनासं होतं. भेट झाली की त्याच दिवशी, घरी आल्याबरोबर, आई आणि बाबा दोघांनी एकमेकांना न विचारता चार ओळी लिहा. आजी-आजोबा मूल सांभाळणार असतील तर त्यांनाही न्या, कारण दुपारी साडेबाराला फाटकाशी तेच उभे राहणार आहेत. मग दोघांच्या ओळी जुळतात का बघा. नाही जुळल्या तर भांडण शाळेवरून आहे की लोक काय म्हणतील यावरून, तेही तिथेच उघडं पडतं.

फॉर्म भरताना

जन्मदाखला हवाच. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी वयाचा तोच एकमेव पुरावा धरला जातो. लसीकरणाचं कार्ड, फोटो, पत्त्याचा पुरावा आणि लागू असेल तर जातीचा दाखला जोडा. आधार मागतात, पण आधार नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे.

नावाच्या रकान्यात घाई करू नका. पहिलीला नाव शाळेच्या जनरल रजिस्टरला, म्हणजे विद्यार्थ्यांच्या कायमच्या नोंदवहीला चढतं, आणि त्या नोंदी पुष्कळदा नर्सरीच्या फॉर्मवरूनच उतरवल्या जातात. पुढे शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो, आणि दहावीचं प्रमाणपत्र, पासपोर्ट, जात पडताळणी सगळं त्या एका ओळीवर अडतं. नावाचं मराठी आणि इंग्रजी स्पेलिंग, आईचं नाव, जन्मठिकाण तालुका-जिल्ह्यासह, जात-पोटजात हे जन्मदाखल्याशी आणि वडिलांच्या शाळेच्या दाखल्याशी अक्षर न अक्षर जुळवा. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांचं नाव राज्याच्या निर्णयाप्रमाणे मूल, आई, वडील, आडनाव या क्रमाने लिहायचं आहे. ती मुलं २०२७ पासून नर्सरीला येतील, तेव्हा शाळेचे जुने छापील फॉर्म अजून तीनच रकान्यांचे असले तर हाताने चौथा घाला. मूल शाळेत असेपर्यंत रजिस्टरमधली चूक शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने दुरुस्त होते. शाळा सोडल्यावर फार हेलपाटे पडतात. म्हणून पहिलीच्या जुलैमध्ये कार्यालयात जाऊन ती ओळ स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, आणि लिपिकाने परवानगी दिली तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा.